टाकी रिकामी झाली तेव्हा तुमचं नक्की काय अडलं?

गोदाकाठचा

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत सीएनजी बंद पडला तेव्हा धाकट्या भावाचा फोन आला, दादा, अंधेरीत तासभर उभा आहे, रिक्षाच मिळत नाहीये. त्यावरून मला जानेवारी २०२४ चे ते दोन दिवस आठवले, म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढू आणि बाकीच्यांचे अनुभव पण विचारू.

आठवतंय ना, ट्रक-टँकरवाल्यांनी स्टेअरिंग सोडलं होतं, हिट अँड रनच्या नव्या कायद्यावरून. १ जानेवारीला सोमवारी दुपारपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता, उद्यापासून पेट्रोल मिळणार नाही आजच भरून घ्या. मी नाही गेलो. मंगळवारी सकाळी सव्वासहाला गेलो तर रांग पंपापासून वळून मागच्या गल्लीत शिरलेली. माझ्या गाडीच्या काट्यावर दोन रेघा होत्या. पुढे एक आजोबा स्कूटर बंद करून पायाने ढकलत होते, रांग चार पावलं सरकली की तेही चार पावलं, आणि दर वेळी मागे वळून बघायचे की मधे कोणी घुसत तर नाही ना. चाळीस मिनिटांनी माझ्यापुढे सहा गाड्या राहिल्या आणि पंपावरच्या पोराने दोन मशीनच्या मधे सुतळी बांधली. ऑइलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेलं 'पेट्रोल संपले'. कोणी भांडलंसुद्धा नाही. सगळे नुसते बघत राहिले.

मी सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत जातो, येऊन-जाऊन साठेक किलोमीटर. आठची शिफ्ट. घरी येऊन जिन्यातच तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी भेटले, तेही त्याच एमआयडीसीत, माझ्यापुढे दोन गेट सोडून. सहा वर्षं आम्ही रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने, मागेपुढे दोन वेगळ्या गाड्या नेतोय! त्या दिवशी पहिल्यांदा एका गाडीत बसलो, वाटेत नाशिक रोडला अजून दोघांना घेतलं, आणि मोहदरीचा घाट चढताना माझ्या मनात हेच येत होतं की हे आपण आधी का नाही केलं.

त्या आठवड्यात मी अजून एक गोष्ट केली. कालनिर्णयच्या मागच्या बाजूला रोज लिहीत गेलो, गाडी काढावीशी कशाला वाटली आणि काढली नाही तर काय झालं. दूध आणि पनीर, अंतर सहाशे मीटर, चालत गेलो. मुलीचा क्लास, दीड किलोमीटर, सायकलवर गेली आणि तिला आवडलं. आईला पंचवटीत डॉक्टरकडे नेणं, इथे मात्र गाडीच लागली, तिचे गुडघे बसच्या पायरीचे नाहीत. आठवड्यात अकरा वेळा गाडीची आठवण झाली, त्यातली चारच कामं गाडीवाचून खरी अडली असती.

आणि दहा तारखेपर्यंत सगळं पहिल्यासारखं. शेजारी त्यांच्या गाडीत, मी माझ्या, पनीर आणायलाही गाडी. हे मला आजपर्यंत खुपतंय. म्हणून विचारतो, टंचाईत तुमची एखादी सवय बदलली आणि नंतरही टिकली असं झालंय का? टिकली तर का टिकली?

मनमाडकर

दादा तुमच्या पंपावर जो टँकर आला नाही ना तो आमच्या गावाबाहेर उभा होता. मनमाडजवळ पानेवाडीला तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो आहेत, उत्तर महाराष्ट्र मराठवाडा सगळीकडे इथूनच माल जातो. त्या दोन दिवसांत रस्त्याच्या कडेला टँकरची लाईन लागलेली, ड्रायव्हर लोक खाली उतरून बसलेले.

एक समजून घ्या, पेट्रोल कुठे संपलं नव्हतं. डेपोत माल होता, न्यायला माणूस नव्हता. आणि तो का नव्हता तेही ऐका. माझा आतेभाऊ टँकरवर आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४ अ मध्ये दोन वर्षांची शिक्षा होती, नव्या न्याय संहितेच्या १०६ (२) मध्ये अपघात करून न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत. तो म्हणतो मी थांबायला तयार आहे पण थांबलो तर लोक जिवंत सोडतील का, माझ्यामागे बारा-वीस हजार लिटर पेट्रोल असतं. २ तारखेला रात्री सरकारने सांगितलं की मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी, म्हणजे वाहतूकदारांच्या संघटनेशी, बोलल्याशिवाय हे कलम लावणार नाही, तेव्हा गाड्या हलल्या. पुढे १ जुलै २०२४ ला नवा कायदा सुरू झाला तेव्हाही ते पोटकलम बाजूलाच ठेवलं.

दुसरं म्हणजे पंप एवढ्या लवकर का कोरडे पडतात. रोज जो दोनशेचं टाकतो त्याने त्या दिवशी टाकी फुल्ल केली. पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या रोजच्या हिशोबाने भरतात, अख्ख्या गावाच्या टाक्या एका दिवसात फुल्ल करायच्या म्हटल्यावर कुठला पंप पुरणार. टँकर वेळेवर आले असते तरी अर्धे पंप त्या संध्याकाळी संपलेच असते हे माझं स्पष्ट मत आहे.

मीनल_पुणे

माझी सवय टिकली, अर्धी टिकली. मी कोथरूडला राहते, ऑफिस बंडगार्डनच्या बाजूला. २ जानेवारीला स्कूटी रिझर्व्हला आणि पौड रोडवरच्या पंपावर ही गर्दी, मग पहिल्यांदा मेट्रोने गेले. वनाज ते रुबी हॉल लाईन ऑगस्ट २०२३ पासूनच सुरू होती पण मी पाच महिने तिच्या खालूनच स्कूटी चालवत होते. घरून आनंदनगर स्टेशन चालत चौदा मिनिटं, गाडीत बसायला मिळालं, ऑफिसला पोचले तेव्हा स्कार्फ सोडायचा नव्हता की हात भरून आले नव्हते. त्या दिवसापासून आठवड्यातले तीन दिवस मेट्रोच.

पण उरलेले दोन दिवस का नाही ते सांगते, कारण यावर कोणी बोलत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंची फिजिओथेरपी असते. ऑफिसातून निघायचं, वाटेत मुलाला डेकेअरमधून घ्यायचं, भाजी घ्यायची, सासूबाईंना घ्यायचं, डेक्कनला सोडायचं, मधल्या चाळीस मिनिटांत मुलाचा गृहपाठ, परत आणायचं. माझ्या मिस्टरांचा रस्ता म्हणजे घर आणि ऑफिस, सरळ रेघ. आम्हा बायकांच्या फेऱ्यांना सरळ रेघ नसते. त्यामुळे 'कार कशाला, बस आहे ना' असं म्हणणाऱ्याने आधी हे बघावं की समोरच्या माणसाला एका फेरीत किती ठिकाणी थांबायचंय.

चार्जिंगवाला

२०२३ मध्ये इलेक्ट्रिक गाडी घेतली. त्या मंगळवारी मी तीन पंपांच्या रांगा ओलांडून ऑफिसला वेळेवर पोचलो. मला वाटतं उत्तर इथेच आहे, सगळ्यांनी हळूहळू इकडे वळावं, टँकर नको आणि आखाती देशांची कटकट नको.

गोदाकाठचा

चार्जिंगवाला, तुमचं म्हणणं पटतं, तेलाचा प्रश्न त्याने बराच सुटेल. पण माझा प्रश्न थोडा वेगळा होता. माझ्या कालनिर्णयवरच्या अकरा फेऱ्या इलेक्ट्रिक गाडीत पण अकराच राहिल्या असत्या. पनीर आणायला दीड टन लोखंड बाहेर काढायची सवय बॅटरीने जात नाही, आणि द्वारका चौकात आज जेवढ्या गाड्या अडकतात तेवढ्याच तेव्हाही अडकणार.

मीनलताई तुमचं ते सरळ रेघेचं वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली आता कालनिर्णयच्या मागे माझ्या फेऱ्या लिही एकदा. लिहिणार आहे.

मुलुंडचा_सागर

माझे वडील बावीस वर्षं रिक्षा चालवतात त्यामुळे मी दुसऱ्या बाजूने सांगतो. १७ नोव्हेंबर २०२५ सोमवार. आदल्या दिवशी ट्रॉम्बेला आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गॅसच्या मुख्य पाईपलाईनला धक्का लागला, वडाळ्याच्या गॅस स्टेशनला येणारा गॅस कमी झाला आणि मुंबई-ठाण्यातल्या पंपांवर प्रेशरच राहिलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीएनजी पेट्रोलसारखा ओतता येत नाही, तो दाबाने भरतात, प्रेशर नसलं की पंपावर गॅस असून तुमच्या सिलिंडरमध्ये निम्माच बसतो.

पप्पा पहाटे चारला रांगेत गेले. मी साडेआठला डबा घेऊन गेलो तर ते रिक्षा हाताने ढकलत होते, बार काढून खांद्याने रेटत, चालू केली तर उरलेला गॅस जाईल म्हणून. गळ्यात टॉवेल, आणि ड्रायव्हर सीटवर माझ्या बहिणीच्या फीची पावती ठेवलेली, ती त्या दिवशी भरायची होती. दुपारी एकला दीड किलो गॅस मिळाला. भाड्याची गाडी आहे, मालकाचे दिवसाचे पैसे द्यावेच लागतात गॅस असो नसो. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पुरवठा सुरळीत व्हायला लागला, पण दोन दिवसांचा धंदा गेला तो गेलाच.

मला एकच सांगायचंय. त्या रांगेत आमच्या पुढेमागे कितीतरी प्रायव्हेट गाड्या होत्या. सीएनजी कारमध्ये पेट्रोलची पूर्ण टाकी असते, बटण दाबलं की गाडी पेट्रोलवर चालते. रिक्षात पेट्रोलची टाकी असते पण नावापुरती. चार पैसे वाचवायला तुम्ही रांगेत थांबलात म्हणून रिक्षाला गॅस मिळाला नाही, आणि रिक्षा नाही म्हणून दुसऱ्या कोणाची आई स्टेशनपर्यंत चालत गेली. अशा दिवशी कारवाल्यांनी पेट्रोलवर जावं आणि रांग रिक्षा-टॅक्सीला सोडावी. हात जोडून विनंती आहे.

गोदाकाठचा

सागर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या भावाची गाडी सीएनजी आहे. त्याला तुझी पोस्ट पाठवली.

लेस्टरकर

आमच्याकडे इंग्लंडात सप्टेंबर २०२१ मध्ये असंच झालं होतं, पेट्रोल देशात होतं, टँकर चालवणारे कमी. ब्रेक्झिटनंतर युरोपातले ड्रायव्हर परत गेले, कोविडमध्ये लायसनच्या परीक्षा तुंबल्या. एका कंपनीने थोडेसे पंप बंद ठेवतोय म्हटल्याची बातमी आली आणि दोन दिवसांत सगळा देश रांगेत. काही पंपांवर एका वेळी ३० पौंडांपेक्षा जास्त देत नव्हते. ४ ऑक्टोबरपासून सैन्यातले लोक टँकरवर बसवले.

बायको हॉस्पिटलमध्ये नर्स. नाईट ड्युटी संपवून सकाळी साडेसातला निघाली आणि चार पंप फिरून घरी आली, त्या फिरण्यातच निम्मं पेट्रोल गेलं. मी सायकल घेतली तेव्हा. ऑफिस पाच किलोमीटर, अजूनही तीवरच जातो, पाऊस असला तरी. पण बायकोला सायकल शक्य नाही, पहाटेच्या वेळी अंधार असतो आणि तिच्या रस्त्यावर सायकलसाठी वेगळी पट्टी नाही. एकाच घरात दोन माणसं, एकच टंचाई, एकाची सवय बदलली आणि दुसऱ्याची नाही. फरक फक्त रस्त्याचा.

उट्रेख्टहून

लेस्टरकर, रस्त्याचा फरक म्हणालात म्हणून लिहिते. मी नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, इथे आले तेव्हा मला वाटलेलं हे लोक जन्मतःच सायकलवाले. तसं नाहीये. साठच्या दशकात इथेही चौकाचौकात गाड्याच गाड्या, १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं गेली त्यात चारशेच्या वर लहान मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांचे खून थांबवा' असंच त्यांच्या आंदोलनाचं नाव होतं. आणि त्यातच १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध, अरब देशांनी इथलं तेल तोडलं. ४ नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी गाडी चालवायला बंदी. हायवेवर पोरं रोलर स्केट्स घालून फिरतायत असे फोटो आमच्या शेजारच्या आजींनी मला दाखवले, त्यात त्या स्वतः आहेत, दोन वेण्या घातलेल्या.

जानेवारी ७४ मध्ये ते रविवार संपले. गाड्या परत आल्या. आजी सांगतात, आमच्या वडिलांनी पहिल्याच मोकळ्या रविवारी गाडी धुऊन फिरायला काढली. मग बदललं काय? लोकांनी रिकामा रस्ता एकदा डोळ्यांनी बघितला होता, आणि पुढच्या वर्षांत सरकारने हेग आणि टिलबर्गमध्ये सायकलचे वेगळे रस्ते करून बघितले, मग बाकी शहरांनी मागितले. टंचाई दोन महिने टिकली, सायकलचा रस्ता पन्नास वर्षं टिकला. गोदाकाठचा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडून हेच उत्तर. तुम्ही आळशी नाही आहात, तुमच्या दहा तारखेला तुमच्यापुढे दुसरा रस्ताच कोणी ठेवला नव्हता.

आबा_शनिवारपेठ

१९७३ निघालंच तर माझं ऐका. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, पुण्यात शनिवारात. तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरवरून काही महिन्यांत बाराच्या घरात गेला असं पेपरात यायचं. नोव्हेंबरात वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते पेट्रोल दरवाढीच्या निषेधाला, त्याची चर्चा आमच्या कट्ट्यावर आठवडाभर.

पण खरं सांगू का, आम्हाला पेट्रोलची झळ बसलीच नाही. आळीत मोटार एका डॉक्टरांकडे, स्कूटर दोघांकडे, बजाजला तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. बाकी सगळं पुणं सायकलवर. महापालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडला की पोलीस हवा सोडायचा. कारखाने सुटले की पुलावर सायकलींचा लोंढा यायचा, घंटांचा आवाज घरात ऐकू येई. आमच्याकडे टंचाई म्हणजे रॉकेलची. आई कॅन घेऊन पहाटे रांगेत, ती बाजूला गेली की तिच्या नंबरवर वीट ठेवायची.

आता माझ्या घरात चार माणसं आणि पाच वाहनं आहेत. नातू लक्ष्मी रोडला जायला पण गाडी काढतो, मी त्याला दोष देत नाही, त्या रस्त्यावर आज मी सायकल घालणार नाही. ते पुणं पेट्रोल महाग असल्यामुळे सायकलवर नव्हतं, सायकलला रस्त्यात जागा होती म्हणून होतं.

दोडामार्गचो

तुम्ही सगळे शहरातले बोलताय म्हणून जरा गावाकडचं लिहितो. आमच्याकडे मोठ्या दुखण्याला गोव्यात बांबोळीला नेतात, बाजार म्हापशाला. पेट्रोलही बरेच जण गोव्यातच भरतात, स्वस्त पडतं म्हणून. आमच्याकडे गाडीची सवय पेट्रोलने ठरलेली नाही, एसटीने ठरवली.

ऑक्टोबर २०२१ च्या शेवटाला एसटीचा संप झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांच्या मागण्या खऱ्या होत्या, त्यांच्या घरांत काय चाललं होतं ते आम्ही बघितलंय, त्यांना मी बोल लावणार नाही. पण सहा महिने वस्तीची गाडी नाही म्हणजे काय ते बघा. माझ्या चुलतभावाच्या बायकोला आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पहिले दोन महिने त्याने शेजाऱ्यांच्या गाड्या मागितल्या, मग लाज वाटायला लागली, मग सेकंड हॅन्ड गाडी घेतली कर्ज काढून. एसटी परत सुरू झाली, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट पण झालं. मी त्याला म्हटलं आता एक दिवस तरी एसटीने जा, तर म्हणाला, "गाडी काय दारात ठेवूक घेतलंय? हप्तो कोण भरतलो?" आणि त्याचं बरोबर आहे. हप्ता चालू असताना तिकिटाला वेगळे पैसे कोण घालणार.

आता त्याच्यासारखे गावात सात-आठ जण. तेवढी माणसं एसटीत कमी बसतात, मग फेरी तोट्यात दिसते, मग दुपारची फेरी बंद होते, मग नववा माणूस गाडी बघायला लागतो. पेट्रोल दोन दिवस नसलं तर माणूस दोन दिवस थांबतो. एसटी सहा महिने गेली तर तो एसटीवर परत येतच नाही.

कोलंबो_रिटर्न

मी २०२२ मध्ये कंपनीच्या कामाने श्रीलंकेत होतो. तिथे टंचाई दोन दिवसांची नव्हती. देशाकडे तेल घ्यायला डॉलरच उरले नव्हते, जूनच्या शेवटी दोन आठवडे खासगी गाड्यांना विक्रीच बंद, फक्त अत्यावश्यक सेवेला. जुलैपासून क्यूआर कोडचा फ्युएल पास, सुरुवातीला आठवड्याला कारला २० लिटर, मोटरसायकलला ४, तीनचाकीला ५. त्याआधी लोक रांगेत गाडीतच झोपायचे, टुकटुकवाले तर तीन-तीन दिवस.

तुमच्या कालनिर्णयची गोष्ट मी तिथे अख्ख्या शहराला करताना बघितली. २० लिटर म्हटल्यावर प्रत्येक घर रविवारी बसून ठरवायचं की या आठवड्यात कुठे जायचं. आमच्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या बाईंनी सायकल घेतली, दुप्पट भावाने, कारण सायकली पण संपल्या होत्या. रांगा मात्र पास आल्यावर खूप कमी झाल्या, कारण उद्याही आपल्या वाट्याचं मिळणार हे लोकांना कळलं. मनमाडकर म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलंय, निम्मी रांग भीतीची असते.

मनमाडकर

अगदी. आतेभाऊ पण हेच म्हणतो.

चार्जिंगवाला

दोडामार्गचो, तुमची पोस्ट वाचून माझं मत थोडं बदललं. माझ्या आईवडिलांच्या गावी, वैजापूर तालुक्यात, सकाळची एकच बस उरली आहे. तिथे मी इलेक्ट्रिक गाडी घ्या म्हणून सांगत होतो. वडील ७७ चे आहेत, त्यांना एसटीत तिकीट लागत नाही, त्यांना बस हवी आहे. पुढच्या आठवड्यात जाणार आहे तेव्हा डेपोत अर्ज देतो, कोणाला अर्ज कसा लिहायचा माहीत असेल तर सांगा.

दोडामार्गचो

आगार व्यवस्थापकाच्या नावाने द्या, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, आणि शाळेच्या मुख्याध्यापकांची सही घ्या किती मुलं त्या फेरीने जातील त्याची. ठराव नसला तर अर्ज फाईलला लागतो तेवढाच. आमची सकाळची फेरी अशीच परत मिळाली.

गोदाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. आबा, त्या विटेचं वाचून थांबलो जरा, माझी आजी पण तेच सांगायची, फक्त तिची चप्पल असायची.

उट्रेख्टच्या ताईंचं वाचल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. म्हटलं आपण दोघंच कारपूल करू तर आठवड्यात मोडेल, एकाची शिफ्ट बदलली की संपलं, तेव्हा झालं तेच. आमच्या कंपनीची बस होती २०२० पर्यंत, कोविडमध्ये बंद झाली ती झालीच, आणि तेव्हाच निम्म्या लोकांनी गाड्या घेतल्या (दोडामार्गच्या चुलतभावासारखंच, आता कळलं). आम्ही दोघांनी तीन कंपन्यांत फिरून नावं गोळा केली, एचआरशी बोललो, एका बसवाल्याशी बोललो. तो म्हणतो तीस सीट रोजच्या पक्क्या असतील तर द्वारका ते माळेगाव सुरू करतो, महिन्याचं भाडं माझ्या आत्ताच्या पेट्रोलपेक्षा बरंच कमी बसतंय. तेवीस जणांनी नाव दिलंय, त्यात पाच बायका आहेत, त्यांनी एक अट घातली की संध्याकाळची बस नाशिक रोडला भाजीबाजारापाशी थांबली पाहिजे. थांबणार आहे.

सात कमी आहेत. द्वारका, उपनगर, नाशिक रोड, शिंदे-पळसे या पट्ट्यातून सकाळी आठच्या शिफ्टला माळेगाव किंवा मुसळगावला जाणारं कोणी असेल तर इथे निरोप करा, रविवारी संध्याकाळी बसवाल्याला आकडा सांगायचाय.

पळसेवाला

मी आणि माझा मेव्हणा, दोघं. मुसळगाव. आता पाचच कमी धरा.